रोज पाचशे, काम अकरा तास : लातूरच्या डाळमिलचा मजुरीहिशेब

लातूरच्या एमआयडीसीतली एक तूरडाळ मिल घ्या. मिल आणि माणसे उदाहरणादाखल घेतली आहेत, पण अशी रचना लातूरपासून जालन्यापर्यंत कोणत्याही औद्योगिक वसाहतीत दिसते. विजेवर चालणारा कारखाना, पटावर ३४ माणसे. मशीन, रोल, ड्रायर आणि वाळवणीच्या अंगणावर २२ पुरुष. निवडाई आणि पॅकिंगला ९ बायका. एक फिटर, एक मुनीम, एक वॉचमन. शिवाय गाडी भरणारी-उतरवणारी सहा हमालांची टोळी, पण ती पटावर नाही.

काळ जानेवारी ते एप्रिल २०२४. नवी तूर बाजारात आली की मिलचे १४ आठवडे धावपळीचे असतात. या काळात पाळी सकाळी ८ ते रात्री ८, मध्ये १ ते २ जेवणाची सुट्टी, सोमवार ते शनिवार. पुरुषांना रोज ५०० रुपये, हातात रोख, दर शनिवारी. बायका सकाळी ८:३० ते ५, अर्धा तास सुट्टी, रोज ३५० रुपये. मे महिन्यात चार कामगारांनी सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज दिला.

मालकाची बाजू ऐकली तर तो फसवतोय असे वाटत नाही. त्याचे म्हणणे साधे होते : अर्धकुशल कामगाराचे किमान वेतन ४८० आहे, मी ५०० देतो, मग माझे चुकले कुठे?

(इथले दर हिशेब समजावा म्हणून धरले आहेत : अर्धकुशल महिना १२,४८०, अकुशल महिना ११,४४० रुपये. प्रत्यक्षात डाळमिलचा दर राज्याच्या अधिसूचनेतून, आपल्या परिमंडळाप्रमाणे पाहायचा आणि त्यात १ जानेवारी व १ जुलैला बदलणारा विशेष भत्ता मिळवायचा. जुलैचे परिपत्रक न पाहता जानेवारीच्याच दराने वर्ष काढणे हा मुनीमजींचा नेहमीचा घोटाळा.)

चूक पहिली : दर दिवसाचा पाहिला, तास मोजलेच नाहीत

महिन्याचे १२,४८० भागिले २६, म्हणजे दिवसाचे ४८०. भागाकार २६ नेच करायचा, कारण त्या दरात आठवडी सुट्टीची मजुरी धरलेली असते. काही मिलमध्ये ३० ने भागून ४१६ काढतात आणि रविवार कोरडा ठेवतात. तिथे दिवसाला ६४ रुपये पहिल्याच पायरीवर बुडतात. या मिलमध्ये भागाकार बरोबर होता. चुकला तो दिवस.

४८० रुपये हे सामान्य कामाच्या दिवसाचे आहेत. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ५१ प्रमाणे आठवडा ४८ तासांचा, म्हणजे सहा दिवसांत विभागला तर रोज ८ तास. कलम ५४ प्रमाणे एका दिवसात ९ तासांपेक्षा जास्त काम नाही. इथे रोज ११ तास काम, आठवड्याला ६६. किमान वेतनाचा तासाचा दर ६० रुपये (४८० ÷ ८). मालकाच्या म्हणण्याप्रमाणे ५०० रुपये अकरा तासांचेच मानले, तर तासाला पडतात ४५ रुपये ४५ पैसे. म्हणजे मजुरी किमान वेतनाच्या वर नव्हतीच, तासाला साडेचौदा रुपयांनी खाली होती.

आता कलम ५९. दिवसात ९ तासांच्या किंवा आठवड्यात ४८ तासांच्या पुढचे काम म्हणजे ओव्हरटाईम, आणि त्याला साधारण दराच्या दुप्पट मजुरी. हिशेब दोन्ही रेघांनी करून जो आकडा मोठा निघेल तो घ्यायचा, दोन्हींची बेरीज करायची नाही. पूर्ण आठवडा भरलेल्या माणसाचे दिवसाच्या रेघेने १२ तास निघतात (रोज २ × ६), आठवड्याच्या रेघेने १८. म्हणून १८ धरायचे. पण ज्याचा एक खाडा आहे त्याचे पाच दिवस ५५ तास होतात : आठवड्याच्या रेघेने ७, दिवसाच्या रेघेने १०. त्याला १० द्यावे लागतात. तीन दिवसच आलेल्याचे ३३ तास, ४८ च्या आत, तरी दिवसाच्या रेघेने ६ तास ओव्हरटाईम आहेच. ‘खाडा केला म्हणजे ओव्हरटाईम गेला’ ही मिलमधली समजूत इथे कोसळते.

साधारण दर कोणता, यावर खरी रस्सीखेच झाली. कामगारांना नेमणुकीचे पत्र नव्हते, पगारपत्रकात फक्त ‘दैनिक मजुरी ५००’ एवढेच होते, त्यात ओव्हरटाईम धरला आहे असे कुठे लिहिलेले नव्हते. तेव्हा ५०० रुपये ८ तासांचे मानले जातात : तासाला ६२.५०, दुप्पट १२५. किमान दराच्या दुप्पट, म्हणजे १२०, दिले तर भागेल का? नाही. किमान वेतन कायद्यातही ‘साधारण दर’ म्हणजे प्रत्यक्ष मिळणारा दर, असे सर्वोच्च न्यायालयाने मामर्डे प्रकरणात १९७२ सालीच म्हटले आहे. कलम ५९ तर मूळ वेतन आणि भत्ते दोन्ही धरते.

एका पूर्ण आठवड्याचा ताळा असा :

कामगाराच्या बाजूने : ४८ × ६२.५० = ३,०००, अधिक १८ × १२५ = २,२५०. एकूण ५,२५०. दिले ३,०००. बाकी २,२५०.

मालकाला सर्वांत सोयीचा धरला तरी : ४८ × ६० = २,८८०, अधिक १८ × १२० = २,१६०. एकूण ५,०४०. बाकी २,०४०.

दोन्ही हिशेबांत फरक फक्त २१० रुपयांचा. वकिलावर खर्च करण्याआधी हा ताळा कागदावर मांडला असता तर निम्मा वाद तिथेच विझला असता. १४ आठवडे आणि २२ माणसे धरली की पहिल्या हिशेबाने ६,९३,००० रुपये होतात. खाडे वजा जाऊन प्रत्यक्ष आकडा कमी येतो, पण तो माणसागणिक आणि आठवड्यागणिक काढावा लागतो. सरासरी चालत नाही.

मालकातर्फे एअरफ्रेट विरुद्ध कर्नाटक राज्य (१९९९) या निकालाचा आधार घेतला गेला : किमान वेतन एकत्रित रक्कम म्हणून पाहायचे, मूळ आणि भत्ता वेगळे दाखवलेच पाहिजेत असे नाही. निकाल खरा आहे, पण तो एकाच कामाच्या मजुरीचे भाग एकत्र पाहण्याविषयी आहे. जादा तासांची मजुरी हा त्या मजुरीचा भाग नव्हे, ते वेगळे देणे आहे.

ओव्हरटाईम दिला की सुटलो, असे नाही

या ठिकाणी अनेक सल्लागारही घसरतात. दुप्पट दर दिला तरी ६६ तासांचा आठवडा कायदेशीर होत नाही. कलम ५६ प्रमाणे कामाचा पसारा, म्हणजे आल्यापासून जाईपर्यंत मधल्या सुट्टीसह, साडेदहा तासांच्या आत हवा. इथे तो बारा तास होता. कलम ६४ खाली सूट मिळाली तरी ओव्हरटाईम धरून आठवडा ६० तासांपुढे नेता येत नाही, आणि तिमाहीच्या ओव्हरटाईमला वेगळी मर्यादा असते. मूळ कायद्यात ती ५० तास होती, राज्याने ती पुढे वाढवली. इथे आठवड्याला १८ प्रमाणे तेरा आठवड्यांत २३४ तास झाले होते. ते कोणत्याच मर्यादेत बसत नाहीत.

आणखी एक बारीक गोष्ट. कलम ५५ प्रमाणे सलग पाच तासांहून जास्त काम नको, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती हवी. ८ ते १ बरोबर पाच तास, ठीक. पण २ ते ८ सलग सहा तास. संध्याकाळचा चहा मशीनपाशीच उभ्याने व्हायचा. ती विश्रांती धरली जात नाही.

तासांचा हा भाग औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जातो, मजुरीचा भाग कामगार आयुक्तालयाकडे. एका कार्यालयात मिटले म्हणजे दुसरीकडे मिटले असे समजू नये.

लाईट गेली तर

फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवस वीज दोन-दोन तास जायची. मिल बंद, माणसे आवारातच बसून. मग तेवढे तास रात्री ८ नंतर भरून काढायचे. ‘बसलेला वेळ कामात कसला?’ असे मुनीमजींचे गणित. पण माणूस काम करायला तयार आहे आणि काम मालक देऊ शकला नाही, तर किमान वेतन अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे पूर्ण दिवसाची मजुरी लागू होते. आणि आवारात अडकवून ठेवलेला वेळ विश्रांती म्हणून कापून रात्री दहापर्यंत थांबवले, तर त्या जादा दोन तासांची मजुरी १२५ च्या दरानेच मागितली जाणार. वीज दीर्घकाळ जाणार हे आधी कळले असेल तर आठवडी सुट्टीचा दिवस नियमाप्रमाणे बदलून घेणे परवडते. त्यासाठी आगाऊ सूचना आणि सूचनाफलकावर नोंद हवी.

बायकांची मजुरी

या बाजूला वाद फारसा झालाच नाही, कारण बचावाला जागा नव्हती. अकुशल दर ४४०, दिले ३५०. दिवसाला ९० रुपये कमी. नऊ जणींचे दिवसाला ८१०, २६ दिवसांचे २१,०६०, सहा महिन्यांचे १,२६,३६०. सहा महिनेच का? किमान वेतन अधिनियमाच्या कलम २० खाली अर्जाची मुदत तेवढी होती. पण त्याच कलमाखाली फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाई लावता येत होती, हे मालक विसरतात. कारखान्यातल्या ओव्हरटाईमची मागणी वेतन प्रदान अधिनियम १९३६ खाली जाते आणि तिथे मुदत १२ महिने.

‘बायका हलके काम करतात’ हे उत्तर समान वेतन अधिनियम १९७६ पुढे टिकत नाही. २२ पुरुषांपैकी तिघे पॅकिंगला लावलेले होते. तोच ५० किलोचा कट्टा, तीच शिलाई मशीन. त्यांना ५००. सारख्या कामाला दर सारखा लागतो. म्हणजे पॅकिंगवरच्या बायकांची तुलना ४४० शी नव्हे, त्या पुरुषांच्या तासाच्या दराशी होते. निवडाई आणि पॅकिंग ही कामे पगारपत्रकात वेगळी नोंदलेली नसल्याने नवांचाही तोच दावा उभा राहिला.

उचल आणि कपात

दिवाळीच्या सुमारास प्रत्येकी २०,००० उचल दिली होती. हप्ता आठवड्याला १,५००. उचल देणे गुन्हा नाही आणि तिची वसुलीही कायद्याला मान्य आहे. पण वेतन प्रदान अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे एका वेतनकाळातल्या सगळ्या कपाती मिळून मजुरीच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत. ३,००० ला १,५०० म्हणजे काठोकाठ. त्यात चहाचे १२० कापले की १,६२०, आणि मर्यादा ओलांडली.

खाड्याची शिक्षा याहून वाईट. मिलचा नियम : एक खाडा केला की दोन रोज कापायचे, वीस मिनिटे उशीर झाला की अर्धा रोज. कलम ९ सांगते, जेवढा वेळ गैरहजर तेवढ्याच प्रमाणात कपात. दुसरा रोज कापणे म्हणजे दंड, आणि दंडाला वेगळी प्रक्रिया, आधी जाहीर केलेली कारणे आणि वेतनाच्या ३ टक्क्यांची मर्यादा आहे. ‘इथे सगळेच असे करतात’ याला कार्यालयात कोणी उत्तर मानत नाही.

उचलीबाबत एक ताकीद, तीही या भागासाठी खास. ‘उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जायचे नाही’ असे बजावले, आधार कार्ड ठेवून घेतले, की प्रकरण मजुरीच्या कायद्यातून उठून वेठबिगार पद्धत (निर्मूलन) अधिनियम १९७६ खाली जाऊन बसते. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे हेही घटनेच्या कलम २३ खाली सक्तीचे काम ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात १९८२ साली म्हटले आहे. ऊसतोडीच्या उचलीची सवय असलेल्या मालकाला ही उडी दिसत नाही. इथे सुदैवाने कोणाची कागदपत्रे अडकवलेली नव्हती.

दोन वह्या

तपासणीला दाखवलेल्या पक्क्या हजेरीत सगळे ८ ते ५ होते. खरे तास मुकादमाच्या कच्च्या वहीत. असे वाटते की कच्ची वही सापडली नाही तर काही होत नाही. पण मिलच्या आवारात तासांची साक्ष इतर ठिकाणीही पडलेली असते. महावितरणचा टीओडी मीटर कोणत्या वेळेत किती युनिट गेले ते नोंदवतो. वजनकाट्याच्या पावतीवर वेळ छापलेली असते. ‘उद्या सातला या, गाडी लागलीय’ असे निरोप कामगारांच्या मोबाईलवर असतात. रात्री साडेसातच्या काटापावत्या पुढे आल्यावर पक्की हजेरी केवळ निरुपयोगी ठरली नाही, तिच्यामुळे मालकाच्या बाकी नोंदींवरचाही विश्वास गेला. मग उरलेल्या आठवड्यांचे तास कामगारांनी सांगितले तेच बव्हंशी धरले गेले. खरी नोंद ठेवली असती तर खाड्यांचा फायदा मालकालाच मिळाला असता.

वॉचमनला ‘तो काय, खोलीवर झोपतो’ म्हणून महिन्याला ठोक रक्कम होती, सातही रात्री, बारा तास. किमान वेतनातून तो सुटत नाही आणि त्याला आठवडी सुट्टी हवीच. हमालांचा हिशेब मात्र या पटात ओढू नये. ते माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम १९६९ च्या वाटेने जातात : मंडळाकडे मिलची नोंदणी, टोळीची नोंदणी, कट्ट्याच्या दराने होणारी हमाली आणि तिच्यावरची लेव्ही (मंडळाला द्यायचा आकार) मंडळात भरणे. टोळीला रोख देऊन मोकळे होणे म्हणजे तेच पैसे पुन्हा भरायची तयारी ठेवणे.

मिटवणी कशी झाली, आणि कशी होत नाही

पहिला प्रस्ताव नेहमीचा : निम्म्यात मिटवू, सह्या घेऊ. किमान वेतन अधिनियमाचे कलम २५ सांगते की किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा करार शून्य. सह्या केलेला कामगार दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ज करू शकतो आणि दिलेली रक्कम फक्त वजावटीला येते. शेवटी माणसागणिक तक्ता बनला : आठवडा, हजर दिवस, तास, दोन्ही रेघांचा ओव्हरटाईम, देय, दिलेले, बाकी. फरक बँकेत जमा, प्रत्येकाला तक्त्याची प्रत. जादा कापलेला खाडा वेगळ्या रकान्यात परत.

बोनस या तक्त्याच्या बाहेर राहिला होता, तो नंतर लक्षात आला. वीसच्या वर माणसे असल्याने बोनस अधिनियम १९६५ लागू, आणि ३० दिवस भरलेला हंगामी कामगारही पात्र. हिशेब ७,००० रुपये किंवा किमान वेतन यांपैकी जे जास्त त्यावर, म्हणून रोज ४८० धरायचा, ५०० नव्हे. ८४ दिवस × ४८० = ४०,३२०, त्याचे ८.३३ टक्के म्हणजे सुमारे ३,३५९ रुपये. ओव्हरटाईम यात धरत नाहीत.

पुढच्या हंगामाची पाळी

मालकाला वाटले, कायदा पाळायचा तर मिल बंद करावी लागेल. आकडे उलटे बोलतात. मशीनला हंगामात ९२४ तास हवेत (६६ × १४). एका जागेवर एकच माणूस ठेवून हे तास ओढले तर खर्च ५,२५० × १४ = ७३,५००. तेच ९२४ तास दोन पाळ्यांत साध्या दराने केले तर ९२४ × ६२.५० = ५७,७५०. जागेमागे १५,७५० वाचतात, २२ जागांचे ३,४६,५००. शिवाय सकाळी ७ ते ३:३० आणि ३:३० ते रात्री १२ अशा आठ-आठ तासांच्या पाळ्यांत मिल आठवड्याला ९६ तास चालते. १४ आठवड्यांचे काम दहा आठवड्यांच्या आत उरकते.

अडचण पैशांची नाही, माणसांची आहे. याच महिन्यांत शेजारच्या तालुक्यांतली निम्मी हात चालणारी माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. २२ जादा माणसे मिळणे कठीण. बारा मिळाली, तर ती रोल आणि ड्रायरवर लावून तेवढाच भाग दोन पाळ्यांत चालवायचा आणि पॅकिंग दिवसपाळीतच ठेवायचे. एकाच कामावर सातला निम्मे आणि अकराला निम्मे बोलवायची युक्ती मात्र करू नये. कारखाने अधिनियमाच्या कलम ५८ प्रमाणे एकाच प्रकारच्या कामाच्या पाळ्या एकमेकींवर चढलेल्या चालत नाहीत. ड्रायरवाले सातला आणि पॅकिंगवाले नवाला आले तर हरकत नाही, ती कामे वेगळी आहेत. बायकांना संध्याकाळी सातनंतर ठेवायचे तर परवानगी, संमती, सुरक्षा आणि घरपोच वाहतुकीच्या अटी आधी. छोट्या मिलने त्या वाटेला न गेलेले बरे.

पाळीची सूचना मराठीत दरवाजाजवळ लावायची, हजेरीत येण्या-जाण्याची खरी वेळ लिहायची, दर शनिवारी पावतीवर चार आकडे वेगळे दाखवायचे : साधे तास, जादा तास, कपात, हातात.

२१ नोव्हेंबर २०२५ नंतर

या तारखेपासून वेतन संहिता २०१९ लागू झाली आणि वर सांगितलेले किमान वेतन, वेतन प्रदान, बोनस व समान वेतनाचे चारही कायदे तिच्यात आले. दुप्पट दर कायम आहे. दिवसाच्या तासांविषयी राज्याराज्यांत ढील देण्याची भाषा सुरू असली तरी आठवड्याची ४८ तासांची रेघ हलवलेली नाही. ‘आता बारा तास चालतात’ हे अर्धवट ऐकून पाळी लावू नये. मोठा बदल मुदतीचा आहे : सहा महिने किंवा एक वर्षाऐवजी तीन वर्षांपर्यंतचा दावा करता येतो, आणि मजुरी दिली हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. शनिवारची रोख मजुरी, सही नसलेली वही, यांचा आता उपयोग शून्याच्या जवळ. मजुरीची व्याख्याही बदलली. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो, म्हणून मूळ वेतन छोटे आणि भत्ते मोठे दाखवायची जुनी कसरत ओव्हरटाईम किंवा बोनस वाचवत नाही.

हंगाम संपतानाचा नियम डाळमिलवाल्यांनी खास लक्षात ठेवावा. माणूस काढला, त्याने स्वतः काम सोडले किंवा मिल बंद झाली, तरी शेवटची मजुरी दोन कामाच्या दिवसांत द्यायची. शेवटचा शनिवार झाला की मंगळवार संध्याकाळपर्यंत २२ खाती बंद झाली पाहिजेत. उचलीची उरलेली बाकी त्या शेवटच्या मजुरीतूनही निम्म्यापर्यंतच कापता येते. राहिलेली बाकी पुढच्या हंगामात किंवा दिवाणी मार्गाने वसूल करायची, तिच्यासाठी उरलेली मजुरी अडवून ठेवता येत नाही.